हजिऱ्याचा मोक्षपट

खेळाचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही. नाटकाचे लिहितात, कीर्तनाचेही लिहितात. पंगतीतल्या वरणाचे तोंडी परीक्षण तर पान उचलण्यापूर्वीच झालेले असते. परंतु खेळ म्हटला की तो मुलांचा आणि सुटीचा. त्याला कोणी कर्ता असतो, आणि त्या कर्त्याने प्रत्येक घर भरताना काही एक विचार केलेला असतो, हे आपल्या ध्यानीही येत नाही. म्हणून एका हौशी तरुणाने स्वतः रचलेल्या मोक्षपटावर चार शब्द लिहिण्याचे योजिले, तेव्हा प्रथम मला माझीच समजूत घालावी लागली.

हजीरा हे गाव तापीच्या मुखाशी आहे. सुरतेहून तासाभराची वाट. जवळच्याच सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची गलबते झुंजली, एवढे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. आज तेथे पोलाद, खत आणि वायू यांचे प्रचंड कारखाने आहेत, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून खाडीपलीकडच्या घोघ्याला मोटारींसह माणसे नेणारी फेरीबोट आहे. कारखान्यांच्या वसाहतींत मराठी व कोंकणी कुटुंबे पुष्कळ. (सुरतेत मराठी माणसाने आपले आडनाव सांगितले की समोरचा गृहस्थ १६६४ व १६७० या दोन सालांची आठवण हसत हसत काढतोच, त्याची आता सवय झाली आहे.) अशाच एका वसाहतीच्या गणेशोत्सवात, आरती आटोपल्यावर मंडपाच्या कोपऱ्यात सतरंजीवर हा पट मांडला होता. रचणारा तरुण रसायन-अभियंता. पाळी संपवून रात्री घरी आला की कापडावर घरे आखायची, मुलांकडून खेळवून घ्यायचे, पुसायचे, पुन्हा आखायचे, असा त्याचा वर्षभराचा उद्योग. वरच्या बाजूस त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : "श्रीज्ञानदेवांनी निर्मिलेला मूळ मोक्षपट".

या ओळीवरून पहिला वाद झाला. तो कसा झाला ते सांगण्यापूर्वी पट कसा आहे ते सांगितले पाहिजे.

७२ घरांचा वैष्णव पट हा या खेळाचा एक जुना प्रकार आहे. जैनांचा ८४ घरांचा असतो; त्याला ज्ञानबाजी म्हणतात, आणि गुजरातेत व राजस्थानात पर्युषणाच्या दिवसांत तो खेळण्याची रीत होती. आमच्या तरुणाने आधाराला घेतला तो हरीश जोहरी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात विवरण करून दिलेला ७२ घरांचा पट. त्यात दहा साप आणि वर नेणारे दहा बाण आहेत. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे, तिसरे क्रोधाचे. गाठावयाचे घर ६८ वे, वैकुंठ. कुसंगतीच्या २४ व्या घरातला साप मदाच्या ७ व्या घरात टाकतो, अधर्माचा २९ वरून मोहाच्या ६ व्या घरात. येथवर हे सारे शाळेच्या नीतिपाठासारखे वाटते, आणि बहुतेक खेळणारे येथेच थांबतात.

परंतु जरा पुढे पाहावे. सतरावे घर दयेचे. त्यावरचा बाण पटावरचा सर्वांत लांब बाण आहे. तो एका झेपेत ६९ व्या घरात, ब्रह्मलोकात नेतो. मुले टाळ्या पिटतात. पण वैकुंठ ६८ वे आहे! दयेने सोंगटी वैकुंठाच्या पुढे गेली, आणि पटावर मागे येण्याची सोय नाही. पुढे ७० सत्त्वगुण, ७१ रजोगुण, ७२ तमोगुण. आणि तमोगुणाच्या तोंडी जो साप आहे तो सोंगटीला ५१ व्या घरात, पृथ्वीवर, आणून सोडतो. ब्रह्मलोकापर्यंतचे सारे लोक पुनरावृत्तीचे आहेत, हे गीतेच्या आठव्या अध्यायातले प्रतिपादन आपण पारायणात शेकडो वेळा ऐकले असेल. परंतु हाती फासा असताना, जिंकत आलो असे वाटत असताना, ते पोटात जसे उतरते तसे व्याख्यानाने उतरत नाही.

आणि पृथ्वीवर पडलेल्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते पाहा. ५१ वरून एक पडला तर ५२, हिंसा. तेथला साप ३५ व्या घरात, नरकलोकात नेतो. चार पडले तर ५५, अहंकार. तेथला साप थेट क्रोधाच्या तिसऱ्या घरात. आणि तीन पडले तर ५४, भक्ती. तिचा बाण सरळ ६८ व्या घरात, वैकुंठात. ब्रह्मलोकातून कोसळलेल्या जीवाला भक्ती तीन पावलांवर आहे, आणि तिच्या अल्याड हिंसा व पल्याड अहंकार उभा आहे. ज्याने ही चार घरे अशी मांडली तो नुसता खेळण्यांचा कारागीर नव्हता. एखाद्या चांगल्या कवितेत शब्दाची जागा बदलली तर अर्थ ढासळतो, तसे येथे घराचे आहे.

आता आमच्या तरुणाने काय केले? त्याने ७२ व्या घरातला साप काढून टाकला. ६८ च्या पुढे गेलेलाही जिंकला, असा नियम केला. कारण विचारले तर म्हणाला, "काका, इतके वर जाऊन पडले की लहान मुले रडतात." खरे आहे, रडतात. परंतु तो साप काढल्याबरोबर ब्रह्मलोक आणि वैकुंठ एकच झाले, दया आणि भक्ती यांतला भेद पुसला गेला, आणि ५१ व्या घराच्या आसपासची ती विलक्षण रचना ओस पडली. विलायतेत १८९० च्या दशकात या खेळाची जी आवृत्ती निघाली तिचे पुढे हेच झाले : प्रथम मोक्ष गेला आणि मुलांच्या सद्गुण-दुर्गुणांची चित्रे राहिली, मग तीही गेली आणि नुसते आकडे राहिले. अमेरिकेत १९४३ साली सापही जाऊन घसरगुंड्या आल्या. रडू नये म्हणून केलेल्या या दुरुस्त्या. आमचा तरुण अजाणता त्याच वाटेने निघाला होता.

त्याची दुसरी दुरुस्ती अधिक विचाराची आहे, आणि तिच्याविषयी माझे मन अजून पुरते स्थिर झालेले नाही. मूळ खेळात खेळणाऱ्याला काहीच ठरवायचे नसते. फासा म्हणेल तसे. त्याने दोन फासे दिले : दोन्ही टाकावे आणि त्यांतला हवा तो घ्यावा. म्हणजे प्रारब्धाबरोबर थोडा पुरुषार्थही आला. कल्पना सुंदर आहे. पण हिशेब करून पाहावा. एका फाशाने ५१ वरून हिंसेत किंवा अहंकारात पडण्याचा संभव सहांत दोन. दोन फाशांतून निवड असेल तर दोन्ही फाशांवर एक वा चार पडल्याशिवाय कोणी तेथे जात नाही. म्हणजे छत्तीसांत चार. भक्तीचा संभव सहांत एक होता, तो छत्तीसांत अकरा झाला. पट सोपा झाला, एवढेच नव्हे. ज्याला बाण आणि साप पाठ आहेत तो जिंकू लागला. मोक्ष पाठांतराने मिळू लागला. मंडपातल्या एका फोंड्याच्या आजीबाईंनी हे गणित न करताच ओळखले. दोन डाव पाहून त्या म्हणाल्या, "हो भुरग्यांचो खेळ न्हय रे, हो हुशारांचो खेळ जालो."

तिसऱ्या दुरुस्तीबद्दल मात्र मी त्याची पाठ थोपटतो. काही घरांत त्याने जुन्या नावाखाली वसाहतीतले नाव लिहिले आहे. कुसंगतीच्या घरात "कँटीनमधली कुजबूज", अहंकाराच्या घरात "बढतीची पार्टी", आणि निष्काम सेवेच्या घरात, जेथून बाण मनुष्यलोकी नेतो, "दुसऱ्याची रात्रपाळी". काही मंडळींना हा पाखंडीपणा वाटला. मला वाटला नाही. ७२ घरांचा पट आहे, ८४ घरांचा आहे, सूफींचाही स्वतंत्र पट आहे. ज्या ज्या हाताखालून हा खेळ गेला त्याने त्याने तो आपल्या भाषेत भरला. ही परंपरा बदलाचीच आहे. घराचे नाव बदलणे आणि सापाची जागा बदलणे यांत मात्र फरक आहे. पहिले भाषांतर, दुसरे लेखन.

आता त्या शिरोभागीच्या ओळीकडे येतो. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे आणि वर्तमानपत्रांतूनही छापून येते. ज्ञानेश्वरांचा काळ १२७५ ते १२९६. या खेळाचे जे जुने पट आज संग्रहांत आहेत ते मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या पटांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली पश्चिम भारतातल्या याच खेळावर प्रबंध सादर केला. ज्ञानदेवांच्या काळचा पुरावा अद्याप कोणी पुढे ठेवलेला नाही. हे मी मंडपात सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ रागावले. "वकीलसाहेब, पुरावा कोर्टात मागा. येथे गणपती बसला आहे," असे म्हणाले. दुसऱ्या एकाने समेट सुचविला की "ज्ञानदेवांच्या परंपरेतील" असे लिहावे. तरुण गप्प होता.

त्या गृहस्थांच्या भावनेचा मला अनादर नाही. परंतु आपण संताला काय देतो आहोत हे पाहावे. खेळाच्या जगात कर्तृत्वाचे अपहरण नवे नाही. मोनोपॉली या जगप्रसिद्ध खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंनी रचले आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. १९३५ साली तो चार्ल्स डॅरो यांच्या नावावर बाजारात आला, बाईंना ५०० डॉलर मिळाले, आणि त्यांचे नाव कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हते. तेथे खऱ्या कर्त्याचे नाव पुसले. आपल्याकडे मोठ्या नावाखाली अनेक अनाम कर्ते पुसले जातात. ५१, ५४ आणि ७२ या घरांचा संबंध ज्याला प्रथम सुचला तो माणूस कोणी तरी होता. ज्ञानदेवांची थोरवी ज्ञानेश्वरीने सिद्ध आहे. या अनाम माणसाजवळ मात्र या पटाखेरीज काहीच नाही.

वादाला कायद्याचेही अंग फुटले, आणि म्हणूनच मला बोलावणे आले होते. शेजारच्या वसाहतीतल्या कोणी तरी या पटाचे छायाचित्र घेऊन दोन फाशांच्या नियमासकट तो छापला आणि विकावयास काढला. तरुण फार दुखावला होता. त्याला मी जे सांगितले ते त्याला रुचले नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धती हा शोधच नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे. कल्पनेवर स्वामित्व नाही, तिच्या आविष्कारावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगितले. खेळाच्याच बाबतीत कोलकात्याच्या दोन अगरवाला बंधूंचे उदाहरण आहे. त्यांनी स्क्रॅबलच्या धर्तीवर स्क्रॅब्युलस नावाचा संगणकावरचा खेळ केला, तो जगभर खेळला गेला, आणि मॅटेल कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली पटाच्या मांडणीवर व नियमांवर स्वामित्व मानले नाही. नाव मात्र मालाच्या चिन्हाशी मिळतेजुळते म्हणून वापरण्यास मनाई केली. आमच्या तरुणाला म्हटले, "तुझी चित्रे आणि तुझे शब्द, 'दुसऱ्याची रात्रपाळी' सुद्धा, तुझे आहेत, त्यांची नक्कल झाली असेल तर नोटीस देता येईल. दोन फाशांचा नियम सर्वांचा. आणि साप तर तुझे नव्हतेच." "आणि वरची ओळ?" त्याने विचारले. मी म्हटले, "ज्ञानदेवांचा मूळ खेळ असे तूच लिहिले आहेस. मग तो चोरला अशी तक्रार तू कोणत्या तोंडाने करणार?"

एवढ्यावर तो प्रथमच हसला.

(फाशाचा खेळ म्हणजे जुगार नव्हे काय, अशी शंका एका गृहस्थांनी काढली होती. पैसा लागत नसेल तर नव्हे. कौशल्य की नशीब हा वाद न्यायालयांनी १९६७ च्या रमीच्या निकालापासून पुष्कळ घोळला. २०२१ साली ल्यूडोवरूनही मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला, तो कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवीत नाही. मंडपातल्या सतरंजीला यांतले काहीही लागू नाही.)

गेल्या महिन्यात त्याची नवी आवृत्ती पाहावयास मिळाली. ७२ व्या घरातला साप परत आला आहे. शिरोभागी आता "मोक्षपट, जुन्या पटावरून, हजीरा" एवढेच आहे. खाली त्याचे स्वतःचे नाव बारीक अक्षरांत. नोटीस त्याने दिली नाही. दुसरा फासा काढलेला नाही, परंतु तो एका डावात एकदाच मागता येतो, पहिला फासा पडल्यानंतर. त्याला त्याने "कृपा" असे नाव दिले आहे. कृपा मागून मिळते की न मागता, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते, माझ्यापाशीही नाही, आणि तोवर हा नियम मला अर्धवट वाटत राहील. परंतु दोन फाशांच्या पहिल्या नियमापेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

आम्ही चौघे खेळावयास बसलो. तो दयेच्या घरात पडला, ब्रह्मलोकात गेला, त्याला तीन पडले आणि तो तमोगुणाच्या तोंडातून पृथ्वीवर आला. पुढच्या खेपेस फाशावर एक आला. कृपा त्याने सुरुवातीलाच, क्रोधाच्या घरातून सुटण्याच्या घाईत, खर्च केली होती. सोंगटी हिंसेतून नरकलोकात ठेवून त्याने फासा फोंड्याच्या आजीबाईंच्या हाती दिला.