ओंकारात ऊर्जा किती?

भाद्रपदात पेणच्या कारखान्यांत घडलेले गणपती घरोघर बसले, की पेण-रोह्याकडे अथर्वशीर्षाचे सामूहिक पठण कानी पडते. त्याने मन शांत होते, हा अनुभव आम्ही नाकारत नाही. परंतु 'ओंकाराच्या ध्वनिलहरींतून ऊर्जा मिळते आणि रोग हटतात' असे कोणी म्हणू लागले, तर ऊर्जा हा शब्द मोजूनच घ्यायला हवा.

मोठ्या आवाजाची ध्वनिशक्ती साधारण १ मिलिवॉट असते. कपभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ८४० ज्यूल लागतात. सगळा आवाज पाण्यातच जिरला आणि उष्णता जराही निसटली नाही असे धरले, तरी जवळजवळ दहा दिवस अखंड जप करावा लागेल!

मग शांत का वाटते? इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ जणांवर केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. लॅटिन जपमाळ असो वा बौद्ध मंत्र, दोन्हींच्या पठणात श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. धर्म दोन, भाषा दोन, परिणाम एकच. गुण संथ श्वासाचा दिसतो.

वर्गात हे पाहणे सोपे आहे. विद्यार्थ्यांनी आधी स्वस्थ बसून आणि मग लांब ओंकार किंवा नुसता 'आ'कार लावताना मिनिटातले श्वास मोजावेत. जप जरूर करावा. मात्र त्याच्या भरवशावर दम्याचे किंवा रक्तदाबाचे औषध कोणी सोडू नये, हे आपण शिक्षकांनीच सांगायचे आहे.