समोरच्या घरातली गाणी

मला गिटार वाजवता येते, ही नोंद माझ्या पेन्शनच्या कागदांत कुठंही सापडणार नाही. पण २००८ सालच्या हिवाळ्यात न्यू जर्सीत, चिरंजीवांच्या तळघरात, मी ती वाजवली आहे. गिटार प्लॅस्टिकची होती. तारांच्या जागी हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि नारिंगी अशी पाच बटणं, आणि जिथं तारा छेडायच्या तिथं एक हलती पट्टी. टीव्हीच्या पडद्यावरून रंगीत टिकल्या आपल्या अंगावर धावून येतात. टिकली रेषेवर आली, की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हलवायची. जमलं तर गाणं वाजतं. चुकलं तर गिटार 'खट्ट' करून गप्प बसते. फारच चुकलं तर पडद्यावरची गर्दी हुर्यो करते. हुर्यो मला नवीन नव्हती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा 'चार शब्द' बोललो होतो.

आमच्या घरी होता तो 'गिटार हीरो'चा तिसरा भाग. समोर एक तेलुगू कुटुंब राहायचं, त्यांच्याकडे 'रॉक बँड'. दोन्ही घरांतली पोरं आपला खेळ किती थोर यावर तावातावानं भांडायची. भांडण ऐकता ऐकता मूळ कथा कळली. 'गिटार हीरो'चे पहिले दोन खेळ, २००५ आणि २००६ चे, हार्मोनिक्स नावाच्या कंपनीनं बनवले होते. २००६ मध्ये ॲक्टिव्हिजननं खेळाचं नाव ज्यांच्याकडे होतं त्या रेडऑक्टेनला विकत घेतलं, आणि एमटीव्हीनं हार्मोनिक्सला घेतलं. म्हणजे खानावळीची पाटी एकाकडे गेली आणि आचारी दुसऱ्याकडे! २००७ च्या शेवटी दोघांनी महिन्याच्या अंतरानं समोरासमोर चुली मांडल्या.

आता तुम्ही म्हणाल, या भांडणात तुमचं काय काम? तर काम आहे. गाणी निवडणाऱ्यांच्या भांडणात माझं लहानपण गेलंय. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हेतू उदात्त होता: जनतेच्या कानांना शास्त्रीय संगीताचं वळण लावायचं. जनतेनं रेडिओची खुंटी पिळली आणि सिलोन लावलं, कारण तिथं त्याच वर्षी अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. शेवटी १९५७ मध्ये सरकारला 'विविध भारती' काढावी लागली. गाण्यांची यादी करणारा माणूस यादी करताना आपल्याला काय समजतो, विद्यार्थी की पाहुणा, हे मला तेव्हापासून वासावरून कळतं.

'गिटार हीरो' मला विद्यार्थी समजत होता. त्याची यादी पाठ्यपुस्तकासारखी लावलेली. पहिल्या धड्यात 'स्लो राइड', अगदी 'छगन कमळ बघ' इतकं सोपं. मग इयत्ता वाढत जातात आणि शेवटच्या वर्गात मेटॅलिकाचं 'वन' आणि स्लेयरचं 'रेनिंग ब्लड'. हे दुसरं मी दोन मिनिटं ऐकलं आणि रक्तदाबाची गोळी घेऊन आलो. मधे मधे परीक्षक येतात: टॉम मोरेलो आणि स्लॅश हे खरेखुरे वादक चित्ररूपानं समोर उभे राहून सामना मागतात. सगळ्यात शेवटी साक्षात सैतान. त्याच्याशी 'द डेव्हिल वेन्ट डाउन टु जॉर्जिया' या गाण्यावर लढायचं. मूळ गाण्यात सैतान हरतो. इथं आपण चुकलो की तो जिंकतो! मूळ गायक चार्ली डॅनियल्स यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. माझ्या हातून तर सैतान रोज जिंकला असता. सुदैवानं मी त्याच्यापर्यंत कधी पोचलोच नाही.

आणि इतकं करून पेपरात जादा प्रश्न असतोच. ड्रॅगनफोर्स या मंडळींचं 'थ्रू द फायर अँड फ्लेम्स', सात मिनिटांचं, सर्वांत कठीण पातळीवर ३७२२ टिकल्या. हा आकडा नातवाला पाढ्यासारखा पाठ होता. मी विचारलं, "गाणं कशाबद्दल आहे रे?" तो म्हणाला, "आजोबा, ते कोण ऐकतं? तू बोटं बघ." (अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या मराठीतला 'तुम्ही' विमानातच राहतो.)

तरी न्यायानं बोलायचं तर याच यादीत एरिक जॉन्सनचं 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' आहे. शब्द नाहीत, नुसती गिटार, आणि ती अशी की थंडीत दोन दिवसांनी ऊन पडावं. या एका गाण्यासाठी मी निवड करणाऱ्याला सैतान माफ करतो. दुसऱ्या माणसाला बेस वाजवायचीही सोय त्या खेळात होती. नातू मला अधूनमधून बसवायचा. पण गाणी निवडलेली एकाच्या बोटांसाठी. दुसरा नुसता पाट्या टाकणारा कारकून. त्या नोकरीतून मी नुकताच निवृत्त झालो होतो.

एका शनिवारी समोरच्यांनी बोलावलं. 'रॉक बँड'मध्ये गिटार, ड्रम आणि गाण्यासाठी माइक. चौथ्याला बेस वाजवायला दुसरी गिटार लागते, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. गंमत अशी, की आमची शत्रुपक्षाची गिटार त्यांच्या यंत्राला चालत होती. ती काखेत मारून आम्ही बर्फातून रस्ता ओलांडला. नातू गिटारवर, समोरची कॉलेजात जाणारी मुलगी ड्रमवर, मी बेसवर. माइक कोणी घेईना म्हणून मुलांनी तो आमच्या सौभाग्यवतींच्या हातात दिला. ही चाळीस वर्षं भजनी मंडळात गाते. इंग्रजी शब्द येत नाहीत म्हणून ती आधी कां-कू करत होती. पण नातवानं सांगितलं, की यंत्र शब्द बघत नाही, सूर बघतं. खरंच तसं होतं! बोलल्यासारख्या ओळी सोडल्या तर त्या माइकला फक्त सुराची उंची कळते. रेडिओहेडचं 'क्रीप' लावलं. वरचा सूर लांबवत धरायची जागा आली तिथं हिनं डोळे मिटून तो असा धरला, की पडद्यावरची अमेरिकन गर्दी वेडी झाली. गाण्याच्या नावाचा अर्थ तिनं नंतर विचारला. मी चहा थंड होतोय म्हणालो.

मग मी त्यांची यादी नीट पाहिली. 'मॅप्स' या गाण्यात गिटारवाला सुरुवातीला एकच सूर घोटत बसतो. 'गिटार हीरो'च्या परीक्षेत ते नापास झालं असतं. पण ड्रमवर त्या मुलीचे हात आणि वर गाणारीचा आवाज, की तळघर भरून जायचं. इथं निवडणाऱ्यानं चौघांना खोलीत बोलावलं होतं आणि कोणी रिकामं बसू नये याची काळजी घेतली होती. एखादा चुकून बाद झालाच, तर बाकीचे त्याला परत खेळात ओढू शकतात. मला एका गाण्यात दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा ती सवलत मिळत नाही. तेही बरोबरच आहे, माणसानं किती ओझं व्हावं?

यजमानही चुकतो. त्याच यादीत 'ग्रीन ग्रास अँड हाय टाइड्स' नावाचं एक लांबलचक गाणं आहे, त्यात गिटारवाल्याची बोटं झडतात आणि बाकीच्यांची जांभई. 'द हू'च्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये तर मधे बराच वेळ नुसता सिंथेसायझर वाजतो. आम्ही वाद्यं धरून लग्नातल्या फोटोसारखे उभे. हिनं तेवढ्यात समोरच्या वहिनींना कढीपत्ता कुठं मिळतो ते विचारून घेतलं. त्यानंतर गायकानं एक दीर्घ किंकाळी फोडायची असते. ती मात्र हिनं फोडली नाही. परक्याच्या घरी किंचाळू नये, हे तिचं मत.

त्याच वर्षी पुढे 'गिटार हीरो'नंही ड्रम आणि माइक आणले, आणि मग दोघांत आकड्यांची चढाओढ लागली: यांची ८४ गाणी तर त्यांची ८६. २००५ च्या पहिल्या खेळातली बहुतेक गाणी इतरांनी गायलेली होती, आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या 'व्हर्जन' कॅसेटींसारखी. आता दोघांकडे सगळी अस्सल. पण मोजदाद सुरू झाली, की निवड संपते. पंगतीत जिलब्या मोजणाऱ्याला चव विचारू नये.

सप्टेंबर २००९ मध्ये हार्मोनिक्सनं नुसत्या बीटल्सचा खेळ काढला, ४५ गाण्यांचा, तिघांनी मिळून सूर लावायच्या सोयीसह. पुढच्या खेपेला मी मुद्दाम 'येस्टर्डे' शोधलं. माझ्या पिढीला बीटल्सचं एक गाणं येतं ते हे. नव्हतं! कारण माझं मलाच सुचलं: त्यात ड्रम नाहीत, ड्रमवाल्या मुलीनं काय स्वेटर विणायचा? पण 'हे जूड' नाही, 'लेट इट बी' नाही, याला काय म्हणावं? आणि 'द इनर लाइट' नाही. जॉर्ज हॅरिसननं त्याचं वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं होतं. सगळ्यांना जागा देणाऱ्या पंगतीत नेमकं आपलंच पान वाढायचं राहिलं, असं वाटून गेलं. खरं तर रॉक गिटार-ड्रमच्या खेळात त्याचं करणार काय? हे कळतं. तरी वाटलं.

फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजननं 'गिटार हीरो'चा विभागच बंद केला. २०१५ मध्ये दोघं पुन्हा उभे राहिले, पण तळघरातली पोरं तोवर मोठी झाली होती. 'रॉक बँड'ची नवी गाणी मधे खंड पडून विकत मिळत राहिली, ती जानेवारी २०२४ मध्ये थांबली. ही बातमी नातवानंच फोनवर दिली. आता तो नोकरी करतो आणि समोरचे लोक घर विकून टेक्सासला गेलेत.

"तुला काय आठवतं रे आजोबा त्यातलं?" त्यानं विचारलं.

मी आठवायला लागलो. आमच्या खेळातलं आठवलं ते '३७२२'. चाल आठवेना. समोरच्या घरातलं मात्र आठवलं, पण विचित्र रीतीनं: वरचं गाणं नाही, मी वाजवलेला खालचा बेस तेवढा. "ढुं, ढुं, ढुं-ढुं," मी फोनवर सुरू केलं. असल्या ढुंढुंवरून गाणं ओळखणं ब्रह्मदेवालाही अवघड. पलीकडे शांतता.

मग तो म्हणाला, "थांब, परत पहिल्यापासून घे. आणि आजीला बोलाव."