चांदीआधीचा कागद

लक्ष्मीपूजनाला घरोघरी चांदीची भांडी बाहेर निघतात. ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कुंकवाचा करंडा. रिठ्याच्या पाण्याने उजळून ती चौरंगाशी मांडली जातात. आलेला पाहुणा भांडे हातात घेऊन वजनाचा अंदाज करतो, भाव विचारतो आणि खाली ठेवतो. करंड्यावरची वेल प्रथम कोणी योजली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मी काही चांदीचा पारखी नव्हे. मुले शिकवावीत आणि उरल्या वेळात कादंबरी लिहावी, एवढाच माझा व्याप. पण पक्क्या लेखनाआधी कच्चा खर्डा असतो हे मला अनुभवाने ठाऊक आहे. भांड्याचाही खर्डा असतो, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावेसे वाटतात.

कच्छमधील भुजचे उमरशी मावजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नामांकित रौप्यकार. ते कच्छच्या महारावांचे दरबारी कारागीर होते. त्यांच्या भांड्यांवर ‘ओ. एम. भुज’ असा छाप आढळतो. सुदैवाने त्यांच्या कारखान्यातले कागदावरचे आराखडेही टिकून राहिले आहेत. साहेबांसाठी घडलेल्या या चांदीकडे विद्या दहेजिया यांच्या ‘डिलाइट इन डिझाइन’ या २००८ सालच्या ग्रंथाने जाणकारांचे लक्ष नव्याने वेधले.

या कामात किटलीचा घाट इंग्रजी, तर अंगावरची वेल कच्छी. वेलीच्या वळशावळशांतून पशुपक्षी डोकावतात. कुठे मुठीच्या जागी नागच वेटोळतो. आता अडचण पाहा. कागद सपाट आणि भांडे गोल. पोटाशी वेल फुगली पाहिजे, गळ्याशी आवळली पाहिजे, आणि फेरी पूर्ण होताना टोकाला टोक बेमालूम मिळाले पाहिजे. मग भांड्यात राळ भरून, लहानमोठ्या छिन्न्यांनी ठोकून नक्षीचा उठाव आणायचा. म्हणजे आराखडा हे भांड्याचे चित्र नव्हे, तो हाताला दिलेला हुकूम आहे. हुकूम देणारे डोके आधी नसेल, तर हात काय करील?

इथेच एका जुन्या वादाला हात घालावा लागतो. जॉर्ज बर्डवुड यांचा हिंदी कलाकौशल्यावरील ग्रंथ १८८० साली निघाला. आमच्या कारागिराची त्यांनी मनापासून थोरवी गाइली. पण त्याची कला म्हणजे गावगाड्यातून वंशपरंपरेने चालत आलेले देणे, आणि परक्या नमुन्यांच्या स्पर्शाने ते नासेल, असे त्यांना वाटे. उलट मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ची. लॉकवुड किपलिंग तेथे १८६५ साली शिकवायला आले, आणि पुढे १८९१ साली रे आर्ट वर्कशॉप्स निघून कारागिरी शाळेच्या छपराखाली आली. एक पक्ष म्हणे, कारागिराला कागद नकोच. दुसरा म्हणे, कागद आम्ही पुरवू. उमरशींचे आराखडे दोघांनाही उत्तर देतात. कागद कारखान्यातच होता. परका घाट समोर आल्यावर काय घ्यावे आणि त्यावर आपले काय चढवावे, याचा निवाडा तिथेच झाला होता. ज्याला केवळ हातांचे कसब म्हणून वाखाणले, तो विचार करणारा माणूस होता.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. या नक्षीला मोकळी जागा सोसवत नाही. कागदावर आणखी एक पान काढायला काही पडत नाही. चांदीवर मात्र त्या पानाचा भार डोळ्यांना होतो. मद्रासकडच्या ‘स्वामी’ चांदीत तर देवादिकांच्या मूर्ती चहाच्या भांड्यांवर चढल्या. कसब अपूर्व आहे, पण गिऱ्हाइकाच्या हौसेपुढे नक्षीने स्वतःचे प्रयोजन गमावले, असे मला वाटते. आपले साधे ताम्हन पाहा: आत सपाट, काठ बाहेर वळलेला, पळीभर पाणी सांडू न देणारा. तिथे घाट हीच नक्षी.

आमची भिवंडी मागांची. नक्षीच्या विणकामातही आधी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून फूल बसवावे लागते, आणि जॅकार्डचे पत्ते त्यावरूनच छिद्रे पाडून तयार होतात. पुढे कापड विकले जाते, नेसले जाते, त्याचे कौतुकही होते. कागद रद्दीत जातो, आणि त्याच्याबरोबर तो काढणाऱ्याचे नावही.

चांदीचे याहून कठीण आहे. भांडे मोडीत गेले की वितळते, आणि वितळलेल्या चांदीला वेल आठवत नाही. तेव्हा नक्षीची साक्ष द्यायला कागदच उरतो. एखाद्या जुन्या सोनाराघरी नमुन्यांची डागाळलेली वही असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नये. तिच्यावर घराण्याचे नाव, साल आणि काढणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. चांदीला भाव रोज मिळतो. या कागदाला तो एकदा तरी मिळावा.