हललेला सूर आणि कॅलासची ‘टोस्का’

मारिया कॅलासचा वरचा सूर हलतो. तिला पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हे म्हटले होते आणि आजही म्हणते. लहानपणी चार वर्षे का होईना, पेटीवर बसून सा लावलेल्या माणसाच्या कानाला ते लपत नाही. आमच्या गुरुजींचा दंडकच होता, आधी सूर, मग बाकीचे सगळे. त्यामुळे लंडनला आल्यावर ऑपेराची गोडी लागली तरी कॅलासच्या वाटेला मी बरीच वर्षे गेले नाही. शेवटी एका मैत्रिणीने हट्टाने एक डीव्हीडी माझ्या हातात ठेवली. “नुसती ऐकू नकोस, बघ,” एवढेच ती म्हणाली. त्या पाऊण तासाबद्दल आज लिहायचे आहे.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी आपल्या लंडनमधल्याच कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधून पुच्चिनीच्या ‘टोस्का’चा फक्त दुसरा अंक दूरचित्रवाणीसाठी टिपला गेला. चित्रीकरण कृष्णधवल आहे. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्ली, वाद्यवृंदाचा संचालक कार्लो फेलिचे चिल्लारिओ, टोस्काच्या भूमिकेत चाळीस वर्षांची कॅलास आणि खलनायक स्कार्पिया म्हणून टिटो गॉब्बी. कॅलासने रंगमंचावर केलेल्या भूमिकांची चित्रे हलत्या रूपात फारच थोडी उरली आहेत. एका भूमिकेचा अख्खा अंक असा सलग पाहायला मिळावा, हे आपले भाग्यच म्हणायचे.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ जून १८००, स्थळ रोम. टोस्का ही नावाजलेली गायिका. तिचा प्रियकर काव्हारादोस्सी चित्रकार आहे आणि त्याने तुरुंगातून पळालेल्या एका राजकीय कैद्याला आसरा दिला आहे. पोलीसप्रमुख स्कार्पिया त्याला पकडून शेजारच्या खोलीत त्याचा छळ करतो आणि टोस्काला त्याच्या किंकाळ्या ऐकवतो. ती कोसळते, कैद्याची लपण्याची जागा सांगून टाकते. मग स्कार्पिया सौदा मांडतो. प्रियकराचा जीव हवा असेल तर तू माझी हो. ती कबूल होते. तो सुटकेचा परवाना लिहायला बसतो आणि तेवढ्यात तिला जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसते.

आपल्यापैकी बहुतेकांचे कान संगीत नाटकावर पोसलेले. आपल्याकडे पद सुरू झाले की नाटक आदबीने बाजूला उभे राहते. ‘वन्स मोअर’ आला की मरणाच्या दारातले पात्रसुद्धा पुन्हा पहिली ओळ घेते, आणि आपण ते आनंदाने चालवून घेतो, कारण आपण गाणे ऐकायलाच गेलेलो असतो. ऑपेरातही हा मोह आहे. या अंकातले सर्वांत लाडके गाणे म्हणजे टोस्काची प्रार्थना. कलेसाठी आणि प्रेमासाठी जगले, कुणाचे वाईट केले नाही, मग देवा, माझ्याच वाट्याला हे का, असा तिचा आशय. गंमत म्हणजे खुद्द कॅलासला हे गाणे इथे नको वाटे. त्याने नाटक थांबते, असे तिचे म्हणणे होते.

म्हणूनच ती ते कसे गाते हे पाहण्यासारखे आहे. सुरुवात अगदी हलक्या आवाजात, जणू श्रोते तिथे नाहीतच. शब्द न् शब्द वेगळा कळतो, तरी स्वरांची ओळ कुठे तुटत नाही. मला इटालियन येत नाही, पण कुठे ती आठवते आहे, कुठे तक्रार करते आहे आणि कुठे तिचा धीर सुटला आहे, हे खाली लिहून येणारे भाषांतर न वाचताही समजते. आपल्या जुन्या गायकनटांबद्दल वडीलधारी मंडळी सांगत की शब्द टाकावा तर त्यांनी. ते कौतुक म्हणजे नेमके काय, हे मला या परक्या भाषेतल्या गाण्याने शिकवले.

आणि तरीही शेवटाकडच्या वरच्या जागेवर सूर हलतो. तिचे चाहते म्हणतात की तो अभिनयच आहे, भीतीने कापणारा आवाज आहे. मला हे पटत नाही. किंकाळ्या ऐकताना तिचा आवाज फाटतो तिथे ते खरे असेल. प्रार्थनेतल्या त्या जागेवर मात्र स्वर स्थिर राहायला हवा होता आणि तो राहिलेला नाही. १९५३ साली व्हिक्टर दे साबाताच्या संचालनाखाली मिलानच्या ला स्कालाच्या संचात तिने केलेले याच ऑपेराचे ध्वनिमुद्रण ऐका. तिथेही स्कार्पिया गॉब्बीच आहे. तिथला तिचा आवाज भरलेला, ताब्यातला आहे. अकरा वर्षांत काय गेले ते लगेच कळते. दोषाला दोष म्हटले म्हणून कॅलास लहान होत नाही.

कारण तिचे खरे मोठेपण मला दिसले ते ती गात नसताना. स्कार्पिया परवाना लिहितो आहे. वाद्यवृंदातली तंतुवाद्ये एक संथ, उदास धून वाजवत आहेत. टोस्काला गायला काहीच नाही. ती टेबलापाशी येते, वाइनचा पेला उचलते आणि तिची नजर सुरीवर पडते. पुढच्या काही क्षणांत ती जवळजवळ काहीच करत नाही. दचकणे नाही, छातीवर हात नाही. पण एका बाईच्या मनात खुनाचा विचार येतो, ती त्याला भिते आणि मग त्याला जागा करून देते, हे सगळे आपल्यादेखत घडते. एरवी हे काम आलापीने करायचे असते. इथे ते नजरेने आणि खांद्यांनी केले आहे, तेही त्या धुनीच्या लयीत. संगीत तिच्या अंगातून चालले आहे असे वाटते. गात नसतानाही ती लयीबाहेर जात नाही, हे शिक्षण गळ्याचे नव्हे, कानाचे.

गॉब्बीचेही ऋण मान्य केले पाहिजे. त्याचा स्कार्पिया आरडाओरडा करणारा राक्षस नाही. तो सभ्य, जेवणाची चव घेणारा, म्हणून जास्त भीतिदायक आहे. गॉब्बीने आपल्या आठवणींत लिहिले आहे की रंगीत तालमीत मेणबत्तीने कॅलासच्या केसांनी पेट घेतला. त्याने तिला मिठीत ओढल्यासारखे करून हाताने आग विझवली. ती हळूच आभार मानून पुढे गात राहिली. असा जोडीदार समोर असेल तरच माणूस इतका निर्धास्त होतो.

खुनानंतर ती त्या प्रेताकडे पाहते. सगळे शहर ज्याला भीत होते तो हाच का, अशा अर्थाचे एक वाक्य, एकाच खालच्या स्वरावर, जवळजवळ बोलल्यासारखे. त्यात विजय नाही, थोडे आश्चर्य आहे आणि खूप थकवा आहे. मग प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, छातीवर क्रूस, आणि ती निघून जाते.

पुढच्या वर्षी, ५ जुलै १९६५ रोजी, याच रंगमंचावर ती शेवटची टोस्का झाली. त्यानंतर ऑपेराच्या रंगमंचावर ती पुन्हा उभी राहिली नाही. तेव्हा ती फक्त एक्केचाळीस वर्षांची होती. १९७७ साली पॅरिसमध्ये ती गेली.

मंडळाच्या गणेशोत्सवात गाणे मी काही वर्षांपूर्वी थांबवले. कारण तेच, वरचा सूर हलू लागला होता. कॅलासचे उदाहरण स्वतःला लावण्याचा आगाऊपणा मी करणार नाही, आणि गुरुजींचा दंडकही मला अजून मान्य आहे. पण सूर हलला म्हणजे सगळे संपले, असे मी आता दुसऱ्या कुणाच्या गाण्याबद्दल म्हणत नाही. गेल्या वर्षी एक पंच्याहत्तरीच्या काकू आमच्यासमोर अभंग गायल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत ऐकले.

हा अंक मिळवून पाहाच. पहिल्यांदा कथेसाठी पाहा. दुसऱ्यांदा मात्र गॉब्बी गात असेल तेव्हा नजर कॅलासवर ठेवा.