उपयुक्त ईश्वर

ईश्वराची उपयुक्तता सांगणाऱ्यांत व्होल्तेरचे नाव प्रथम घ्यावे लागते. तीन धर्मसंस्थापकांना वंचक ठरविणाऱ्या एका निनावी ग्रंथाच्या कर्त्याला उद्देशून त्याने १७६८ च्या सुमारास एक पद्यपत्र रचले. दुर्जनाला धाक आणि सज्जनाला आशा देणारा ईश्वर समाजधारणेस अपरिहार्य आहे, हा त्याचा मथितार्थ. व्होल्तेर स्वतः नास्तिक नव्हता. परंतु त्याचा हा युक्तिवाद पुढे ईश्वर न मानणाऱ्यांनीही आपलासा केला.

युक्तिवाद चतुर आहे, पण त्यात एक मोठे छिद्र आहे. धाक वाटावयाचा तर ईश्वर खरा वाटला पाहिजे. केवळ सोयीसाठी योजलेला ईश्वर योजकाला कसला धाक घालणार? तेव्हा श्रद्धा दुसऱ्याने ठेवावी आणि लाभ आपण घ्यावा, असाच या उपदेशाचा अर्थ होतो. तो घमेंडखोर आहे. मात्र तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. त्याची परीक्षा व्यवहारातच झाली पाहिजे.

अशी परीक्षा १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे झाली. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील भाऊबंद कुलदेवतेची पूजा पाळीपाळीने करीत. आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क एकाने सांगितला. निकाल देणारे लॉर्ड शॉ हे स्कॉटलंडचे विधिज्ञ. ते निरीश्वरवादी होते असे नव्हे. पण या देवावर त्यांची श्रद्धा नव्हती, एवढे आपल्या प्रश्नाला पुरे. मूर्ती ही इकडून तिकडे हलविण्याची चीजवस्तू नव्हे, ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि स्थानाविषयी तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. एवढेच नव्हे, तर देवाची बाजू मांडण्यासाठी वादात ज्याचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी न्यायालयाने नेमावा, असा आदेश देऊन प्रकरण परत पाठविले.

येथील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. जे नित्य नैवेद्य दाखवीत होते, त्यांच्या भांडणात देव वाटणीची वस्तू झाला होता. ज्यांना त्या देवाचे काही देणेघेणे नव्हते, त्यांनी त्याला पक्षकार मानले. या कल्पनेने कायद्याचा लाभच झाला. मालक देव असल्यामुळे सेवेकऱ्याला दान आपले म्हणता येत नाही, आणि दात्यामागे त्याचा हेतू पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

परंतु कायद्याने देव निर्माण केला काय? नाही. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे व्यक्तित्व पाषाणाला नव्हे, तर भक्ताच्या धर्महेतूला दिलेले असते. भक्तच नसता तर कायद्याला व्यक्तित्व देण्याजोगे काही उरलेच नसते. म्हणजे अश्रद्धाला श्रद्धेचा लाभ घेता येतो, तिचे उत्पादन करता येत नाही. व्होल्तेरच्या युक्तिवादाची मर्यादा हीच.

आपण देवस्थानांची माणसे या युक्तिवादावर फार लवकर खूश होतो. देवळामुळे समाज एकत्र येतो, अन्नछत्रे चालतात, कला जगतात, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे आहे. पण उपयुक्ततेने ईश्वर सिद्ध होत नाही, आणि जे केवळ उपयोगासाठी राखले जाते, ते उपयोग सरताच टाकलेही जाते. त्यापेक्षा महाजनांचा तंटा उभा राहील तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारावा: या वादात देवाची बाजू कोण मांडीत आहे? तो प्रश्न परक्या न्यायाधीशाला सुचावा आणि आपल्याला सुचू नये, हे आपल्या श्रद्धेला शोभत नाही.