'अरुणोदय' आणि पापाचे गांभीर्य

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा सुरतेच्या मराठी माणसाला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. १८४४ साली याच शहरात दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. एक ईश्वर, एक मनुष्यजाती व शुद्ध आचरण एवढ्यावर धर्म उभा राहील, अशी त्यांची धारणा होती. बेळगावचे बाबा पदमनजी (१८३१-१९०६) हे त्या परमहंस सभेतलेच. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' आपल्याकडे फारसे वाचले जात नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

आपल्या व्यवहारात पापातून पुण्याची वजावट होते. दान, व्रत, तीर्थयात्रा यांनी खाते जुळते. ख्रिस्ती मताप्रमाणे पाप म्हणजे ईश्वराशी तुटलेले नाते. ते मनुष्याच्या कमाईने सांधत नाही. म्हणून ख्रिस्ताच्या बलिदानावरील विश्वास अटळ ठरतो. हे मत पटो वा न पटो, त्यातून सुधारकांपुढे उभा राहणारा प्रश्न खरा आहे : रूढी मोडल्या, पण मन कोण पालटणार?

ग्रंथाचे उणेपणही सांगितले पाहिजे. पदमनजी पूर्वधर्माकडे प्रतिवादीच्या दृष्टीने पाहतात. पापाची टोचणी वारकरी संतांनाही होती. 'पतितपावन' ही हाक तिचीच साक्ष देते. त्या भक्तीला येथे पुरता न्याय मिळत नाही. तथापि स्वतःच्या अंतःकरणाची इतकी कठोर झडती मराठीत इतक्या लवकर घेतली गेली, हे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे.