शिपायाचे दाणापाणी : दुसऱ्या जगातील युद्धकथांची एक कसोटी

आपल्या जगातले सैनिक अचानक दुसऱ्या जगात किंवा दुसऱ्या काळात जाऊन पडतात आणि हातातल्या शस्त्रांच्या जोरावर तिथला इतिहास बदलू पाहतात, अशा कथांचा प्रवाह सव्वाशेहून अधिक वर्षे वाहतो आहे. एडगर राइस बरोजचा जॉन कार्टर हा अमेरिकी यादवीत लढलेला कप्तान १९१२ मध्ये मंगळावर पोहोचला. जपानमध्ये तर परजगात जाऊन पडण्याच्या कथांना 'इसेकाई' असे वेगळे नावच आहे. आपली कॉलेजातली मुले या मालिका मोबाइलवर आवडीने पाहतात. आपल्याकडे मात्र त्यांच्याविषयी गंभीरपणे फारसे लिहिले जात नाही. 'पोरांची करमणूक' म्हणून विषय संपतो.

तो तसा संपू नये असे मला वाटते. या कथा तपासायला मी एक साधा प्रश्न सुचवतो : कथेतल्या पलटणीची रसद कुठून येते? प्रश्न वरवर कोठारातल्या हिशेबाचा आहे, पण कथेची नीती त्यावर ठरते. ज्या शिपायाला परमुलखात भाकरी मागावी लागते, त्याला तिथल्या माणसाशी बोलावे लागते. यंदा त्याच्या शेतात काय पिकले हे जाणून घ्यावे लागते. ज्याची रसद मागून आपोआप येत राहते, त्याला यातले काहीच करावे लागत नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेतशीर वापरा. ती संपली तर तुम्ही कुणब्यांना लुटू लागाल आणि त्यांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. सैन्य आणि रयत यांच्यातले नाते चाऱ्याच्या गंजीपाशी ठरते, हे त्या पत्राइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता तीन कथा या कसोटीवर पाहू. मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीचा नायक शिपाई नाही, कोल्टच्या बंदूक कारखान्यातला मुकादम आहे. तो आर्थर राजाच्या काळात जाऊन पडतो, तिथे कारखाने काढतो आणि शेवटी विजेच्या तारांचे कुंपण व गॅटलिंग बंदुका वापरून हजारो सरदार ठार करतो. पण जिंकल्यावर त्याची माणसे त्याच प्रेतांच्या वेढ्यात अडकतात आणि कुजलेल्या हवेने आजारी पडतात. शस्त्राने जग जिंकता आले, त्यात राहता आले नाही.

हान्मुरा र्यो यांच्या १९७१ च्या कादंबरीत जपानच्या स्वसंरक्षण दलाची एक तुकडी रणगाडा, हेलिकॉप्टर यांसह सोळाव्या शतकातल्या सरदारांच्या लढायांमध्ये जाऊन पडते. १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. तिथे इंधन आणि दारूगोळा मागून येणार नसतो. यंत्रे एकेक करून निकामी होतात, माणसे मरतात आणि ज्या सरदाराशी सख्य केले, त्याच्याच फौजेकडून नायक मारला जातो. कथा निष्ठुर आहे, पण हिशेबाला खरी आहे.

ताकुमी यानाई यांची 'गेट' ही मालिका याच्या उलट. २०१५ मध्ये तिचे अ‍ॅनिमेशन आले. टोकियोच्या गिंझा भागात एक दरवाजा उघडतो, परजगातले सैन्य आत घुसून कत्तल करते आणि मग जपानी फौज त्याच दरवाजातून पलीकडे जाते. दरवाजा उघडा असल्यामुळे अन्न, औषधे, दारूगोळा सगळे मागून येते. निर्वासितांना जेवू घालणारे सैनिक तिथे प्रेमळच दिसतात. लेखकाची सहानुभूती खोटी नाही. पण त्या सैनिकांना कोणाच्या दारात हात पसरावा लागत नाही, म्हणून पलीकडच्या माणसांना बहुतेक वेळा कृतज्ञ होण्यापलीकडे काम उरत नाही.

मराठी वाचकाला ही कसोटी नवी वाटू नये. उदगीरला निजामाला नमवून भाऊसाहेब १७६० च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघाले ते आपल्या मराठवाड्यातल्या परतूरहून. दख्खनच्या शिपायाला यमुनाकाठ हे दुसरे जगच होते : भाषा वेगळी, थंडी वेगळी. कुंजपुऱ्याचे धान्य हाती आले, पण अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट बंद झाली. शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. बाहेर पडलेली कही सुखरूप परतेल याची खात्री उरली नाही. फौजेबरोबर बुणगे आणि यात्रेकरू होते. त्यांचीही पोटे होती. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला बाहेर पडले ते उपासमार असह्य झाल्यामुळे.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही आपल्याकडची या प्रकारातली सर्वांत जवळची कथा. इथे परजगात शिपाई जात नाही, इतिहासाचा प्राध्यापक जातो. त्या जगात विश्वासरावांना गोळी चाटून गेलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात. एका गोळीच्या फरकाने इतिहासाला फाटा फुटतो, ही कल्पना विज्ञानकथेला शोभते. पण मला ती नेहमी अपुरी वाटत आली. विश्वासराव शाबूत राहिले असते, तरी त्या फौजेचे पोट रिकामेच होते. पराभवाचे कारण गोळीत शोधले की उपाशी शिपायाची आणि न पोहोचलेल्या धान्याची चर्चाच मागे पडते. तरीही त्या कथेत एक मोठा शहाणपणा आहे. आझाद मैदानावर प्राध्यापक रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत जाऊन बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षांची प्रथाच मोडीत काढलेली असते. ते चिडून त्यांना मंचावरून हुसकावू पाहतात. आपल्याला हवा होता तो विजय मिळालेल्या जगालाही स्वतःची रीत असते आणि ते आपली वाट पाहत बसलेले नसते, हे नारळीकरांनी हसत हसत सांगितले.

या कथांची दुसरी बाजू आमच्या भागाला विशेष ठाऊक असायला हवी. मी राहतो त्या चितेगावाहून शहर ओलांडून गेले की देवगिरीचा किल्ला येतो. १२९६ मध्ये अलाउद्दीन विंध्य ओलांडून तिथे अचानक उतरला. रामदेवरायाच्या राजधानीला तो एखादा दरवाजा उघडल्यासारखाच अनुभव असणार. तीनशे वर्षांनंतर लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की धान्य समजून घाईने गडावर चढवलेली पोती उघडल्यावर त्यांत मीठ निघाले. ही हकीकत अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण पराभव सांगताना तलवारीआधी पोत्याची आठवण व्हावी, हे बोलके आहे. परजगातून फौज येते तेव्हा आपण 'पलीकडचे' असतो. आपली धान्याची पेवे, आपली गुरे, आपली उभी पिके त्या फौजेचा चारा होतात.

पानिपतावर मशिनगन घेऊन पोहोचणारी मराठी तुकडी कोणीतरी आज ना उद्या लिहीलच. ती लोकप्रियही होईल, कारण तो पराभव पुसून टाकण्याची इच्छा आपल्यात अजून जागी आहे. त्या लेखकाला माझे एवढेच सांगणे, की गोळ्या मोजण्याआधी पोती मोजावीत. तुकडीच्या पहिल्या संध्याकाळच्या भाकऱ्या कोणत्या गावच्या चुलीवर भाजल्या गेल्या, पीठ कोणाच्या घरचे होते आणि त्या घरात त्या रात्री मागे काय उरले, हे त्याने लिहिले, तर ती कादंबरी मी विकत घेऊन वाचीन.